नाव नाही, फक्त आवाज

आमच्या धाराशिवात संध्याकाळी सहा ते साडेसात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत गाण्याचा वर्ग असतो. सहा-सात मुली, दोन मुलगे, एक हार्मोनियम आणि एक इलेक्ट्रॉनिक तानपुरा, एवढाच संसार. बहुतेक लेकरं गांधर्वच्या परीक्षांसाठी येतात. प्रवेशिका होते, मध्यमा होते, तोवर दहावी-बारावी आडवी येते आणि गाणं बंद पडतं. मी आता त्याचं वाईट वाटून घेणं सोडून दिलं आहे. पण एखादी मुलगी अशी येते, की हिचं गाणं बंद पडू नये म्हणून आपणच तुळजाभवानीला नवस बोलावा!

तशी एक मुलगी पाच वर्षांपासून माझ्याकडे येते. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील एका दुकानात कामाला, आई घरी ब्लाउज शिवते. आई नवरात्रात आराधी मेळ्यात गाते. संबळाच्या आवाजावरून सहज पुढे जाणारा तिचा गळा मी ऐकला आहे. लेकीचा आवाज कुठून आला, हे वेगळं सांगायला नको.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मुलीला आकाशवाणीच्या ऑडिशनचं बोलावणं आलं. मीच तिचा अर्ज भरून घेतला होता. पत्र घेऊन ती धावतच आली. सगळ्या वर्गाला मी पेढे वाटले. आणि दुसऱ्याच दिवशी, दिवेलागणीला, तिची आई दारात उभी. हातात अर्धवट शिवलेला ब्लाउज तसाच.

‘मॅडम, ती तारीख बदलून मिळती का?’

‘का हो ताई? काय झालं?’

‘त्याच दिवशी पाहुणे यायलेत तिला बघायला. पोराला तेवढीच सुट्टी हाय म्हणतेत. स्थळ चांगलं हाय. घरी जमीन हाय, पोरगा नोकरीला हाय.’

मी म्हटलं, ‘ऑडिशनची तारीख काही आपल्या हातात नाही. पाहुण्यांची बदलून बघा की.’

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, ‘तुम्ही गेला होता का कधी रेडिओवर?’

तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

खिशातलं पत्र

माझं माहेर कळंब तालुक्यातलं. घरात एक जुना रेडिओ होता आणि त्याच्यावर आईने विणलेलं झाकण. शनिवारी रात्री दिल्लीहून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा. 1952 च्या जुलैत सुरू झालेला हा कार्यक्रम आमच्या घरात देवपूजेसारखा पाळला जाई. खरखरीतून कुणीतरी दरबारी आळवत असे. अण्णा डोळे मिटून खुर्चीत, आई भांडी आवरता आवरता उंबऱ्यात टेकलेली. आईला रागाचं नाव कळत नसे. पण गाणारा सुरावर आला की तिचा हात आपोआप थांबे.

मी 1994 साली ऑडिशन दिली. त्याच वर्षी माझं लग्न झालं. निकालाचं पत्र माहेरी आलं ते लग्नानंतर दोन महिन्यांनी. अण्णा ते शर्टाच्या खिशात घालून एस.टी.ने सासरी घेऊन आले. शास्त्रीय गायन, ‘बी’ श्रेणी. पत्रावर नाव माहेरचं.

सासूबाईंनी अण्णांना चहा दिला. सासरे ‘वा, छान’ म्हणाले. ह्यांनी पत्र वाचून परत घडी घालून ठेवलं. पुढे ध्वनिमुद्रणाचं बोलावणं आलं, तेव्हा घरात हरभऱ्याची रास पडलेली होती आणि नणंद बाळंतपणाला आली होती. मी गेले नाही.

खरं सांगू का मैत्रिणींनो? मला कुणी ‘जाऊ नको’ म्हटलं नव्हतं. पण ‘जा’ असंही कुणी म्हटलं नव्हतं. आणि मी विचारलं नव्हतं. आपल्याकडे बायकांच्या कितीतरी गोष्टी अशाच राहून जातात. भांडण नाही, मनाई नाही, रडारड नाही. नुसती एक तारीख निघून जाते.

हे सगळं मी त्या आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ‘बघते मॅडम’ म्हणाली आणि गेली.

पडद्याआडची परीक्षा

आकाशवाणीची ऑडिशन ही मला आजही फार न्यायाची गोष्ट वाटते. बाळकृष्ण केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री असताना, 1950 च्या दशकात, ही पद्धत पक्की झाली. मोठमोठ्या गवयांनाही परीक्षेला बसवल्यामुळे तेव्हा खूप गदारोळ झाला होता. पण तिच्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. गाणारा एका खोलीत असतो आणि परीक्षक दुसऱ्या. त्यांना नाव सांगत नाहीत. कोण कुणाची मुलगी, कुठल्या गावची, साडी कसली नेसली आहे, रंग गोरा की सावळा, काही काही दिसत नाही. फक्त आवाज. त्यावरून श्रेणी ठरते: बी, बी हाय, ए आणि सगळ्यात वर टॉप.

आता बघण्याच्या कार्यक्रमाशी याची तुलना करा! तिथे सगळं दिसतं, फक्त आवाज कुणाला ऐकायचा नसतो. फार तर ‘एखादं गाणं म्हण बघू’ म्हणतात, आणि दुसऱ्या ओळीला पोह्यांच्या बश्या येतात.

अर्थात रेडिओनेही सगळ्यांना सारखंच वागवलं असं नाही. हार्मोनियमलाच बघा ना, 1940 पासून 1971 पर्यंत रेडिओवर बंदी होती. पेटीचे सूर ठरलेले, त्यातून आपल्या रागांतल्या बारीक श्रुती निघत नाहीत, असं म्हणणं होतं. पेटीचं एक वेळ सोडा. पण 1940 च्या दशकात गाणं हाच ज्यांचा पिढीजात व्यवसाय होता, अशा कितीतरी बायकांना ‘चारित्र्या’च्या नावाखाली रेडिओचे दरवाजे बंद करण्यात आले. ज्यांनी ठुमरी-दादरा सांभाळला, त्यांनाच बाहेर उभं केलं गेलं.

आणि जिला लग्नाने ‘प्रतिष्ठा’ मिळाली, तिचं तरी काय झालं? बेगम अख्तर यांनी 1945 साली लखनौच्या एका बॅरिस्टरशी लग्न केलं आणि त्यांचं गाणं थांबलं. त्या आजारी पडल्या. औषधांनी गुण येईना. शेवटी गाणं हाच उपाय ठरला. 1949 साली त्या लखनौच्या रेडिओ केंद्रावर परत आल्या, गायल्या आणि गाऊन झाल्यावर रडल्या. पुढची पंचवीस वर्षं, म्हणजे 1974 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, त्या गात राहिल्या. आज आपण ज्यांना गझलची सम्राज्ञी म्हणतो, त्या चार वर्षं घरात गप्प बसल्या होत्या. मी तर तीस वर्षं बसले, पण माझं सोडा.

‘ह्या बाया किंचाळायल्यात का?’

त्या आठवड्यातल्या शनिवारी मुलगी रियाजाला आली, पण मन लागेना. सारखा षड्ज हलत होता. मी तानपुरा बंद केला आणि म्हटलं, ‘आज गायचं नाही, ऐकायचं.’ आमच्या वर्गात महिन्यातून एकदा ऐकण्याचा दिवस असतो. हल्ली आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची ‘रागम्’ ही चोवीस तासांची वाहिनी मोबाइलवरच्या अॅपमध्ये ऐकता येते. ती 2016 च्या प्रजासत्ताक दिनाला सुरू झाली. खरखर नाही, एरियल फिरवणं नाही. आई असती तर हरखून गेली असती.

पण त्या दिवशी मी मुद्दाम वेगळं काही लावलं, ऑपेरा. माझ्या भाच्याने मला त्याचा नाद लावला आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचे खेळ 1931 सालच्या नाताळापासून रेडिओवरून ऐकवले जातात, तेही शनिवारीच. तिथे दुपारचा एक वाजतो तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. शनिवारची रात्र आणि रेडिओ हे नातं तिकडेही आहे, हे कळल्यावर मला उगीचच माहेर भेटल्यासारखं झालं होतं.

पहिल्या पाच मिनिटांत मुलीने तोंडावर हात धरला. ‘मॅडम, ह्या बाया किंचाळायल्यात का?’

मी हसले. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग तिला समजावून सांगितलं. ही मंडळी माइकशिवाय गातात. समोर साठ-सत्तर वादक, वर चार मजले प्रेक्षक, आणि एकट्या गळ्याने शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. त्यासाठी आवाजाची घडणच तशी करावी लागते. ‘तुझी आई संबळाच्या वर गाते ना, तसंच धर.’ हे म्हणताच तिने तोंडावरचा हात काढला.

ऑपेरा म्हणजे गाऊन सांगितलेली गोष्ट. इटलीत चारशे वर्षांपूर्वी तो सुरू झाला. मोंतेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’ 1607 सालचा. आपल्याला तो परका वाटायचं खरं तर कारण नाही. गोंधळी रात्रभर आख्यान लावतो तेव्हा काय करतो? एकाच माणसाचा राजा होतो, राणी होते, संबळ-तुणतुण्यावर कथा पुढे सरकते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं, तेव्हापासून आपल्याला नाटकातलं गाणं अंगवळणी पडलं आहे. फरक इतकाच, की आपल्या संगीत नाटकात संवाद बोलतात आणि पदं गातात. ऑपेऱ्यात बहुधा सगळंच गातात. आपल्याकडे बालगंधर्वांनी स्त्री-भूमिका केल्या, तर तिकडे मोझार्टच्या ‘फिगारो’त कोवळ्या पोराची भूमिका बाई करते! मुंबईत 1911 साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं रॉयल ऑपेरा हाउस आहे. तिथे बालगंधर्वही गायले. ते 1993 मध्ये बंद पडलं आणि 2016 मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा मुंबईतच जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ तिथे ऑपेऱ्यातलं गाणं गायल्या.

आणि रेडिओवर तर आपण मराठीत स्वतःचा ऑपेराच घडवला, त्याला सुंदर नावही दिलं, संगीतिका. मंगेश पाडगावकरांची ‘बिल्हण’ ही संगीतिका पु. ल. देशपांड्यांनी आकाशवाणीसाठी संगीतबद्ध केली आणि जितेंद्र अभिषेकींनी गायली. त्यातली पदं अजून घरोघर ऐकू येतात, पण ती एका रेडिओवरच्या गोष्टीतली आहेत हे फार थोड्यांना माहीत असतं. पुणे केंद्राचं ‘गीतरामायण’ 1955 च्या रामनवमीला सुरू झालं आणि वर्षभर आठवड्याला एक नवं गीत येत राहिलं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, एकूण 56 गीतं. त्यात सीता बोलते, कौसल्या बोलते, शबरी बोलते, आणि सगळं गाऊनच. तोही एका अर्थाने घराघरातला ऑपेराच की!

न दिसणारी लेक

त्या दिवशी आम्ही ऐकत होतो तो वेर्दीचा ‘ला त्राविआता’. 1853 मध्ये तो व्हेनिसला पहिल्यांदा झाला. त्याची गोष्ट मी मुलीला थोडक्यात सांगितली. व्हायोलेटा ही पॅरिसमधली एक ‘तसली’ बाई. तिचं आल्फ्रेडो नावाच्या तरुणावर प्रेम बसतं, ती जुनं आयुष्य सोडून त्याच्यासोबत गावाबाहेर राहायला जाते. एक दिवस त्याचे वडील तिच्याकडे येतात. म्हणतात, तुमच्यामुळे माझ्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडायला आलंय. तुम्ही माझ्या मुलाला सोडून द्या. ती बाई रडते, आणि ज्या मुलीला तिने पाहिलंसुद्धा नाही, तिच्या लग्नासाठी आपल्या माणसाला सोडून निघून जाते. शेवटी क्षयाने मरते. तेव्हा सगळे धावत येतात, पण उशीर झालेला असतो.

बाप-लेकीच्या वयाच्या त्या दोघांचं ते लांबलचक द्वंद्वगीत सुरू झालं, तेव्हा मुलगी हसली नाही. भाषा तिला कळत नव्हती. पण ‘आता ही हो म्हणाली ना?’ असं तिने बरोबर त्या जागी विचारलं. मी मान हलवली.

ती घरी गेली आणि रात्री ब्लाउजला हुक लावत बसलेल्या आईला तिने ही सगळी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा माझ्या दारात.

‘मॅडम, त्या गोष्टीतली ती पोरगी. जिचं लग्न मोडायलं होतं ती. तिला कुणी इचारलंच न्हाई का, तुला काय पाहिजे म्हणून?’

मी क्षणभर गप्पच झाले. दहा वेळा मी हा ऑपेरा ऐकला असेन. व्हायोलेटासाठी डोळे पुसले असतील. पण त्या लेकीचा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता. ती संपूर्ण खेळात रंगमंचावर येतच नाही. तिच्या नावाने सगळं घडतं, आणि तिला एकसुद्धा सूर नाही.

‘नाही हो ताई,’ मी म्हटलं, ‘ती दिसतच नाही.’

‘मग मी काल इचारलं माझ्या पोरीला,’ ती म्हणाली. ‘म्हणली, आई मला जायचंय. पाहुणे नंतर आले तर बसते म्हणली, पण त्या दिवशी मला गायचंय. म्या तिच्या बापाला सांगितलं. दोन दिस बोलला न्हाई तर न्हाई बोलू दे.’

पाहुण्यांना निरोप गेला. पुढच्या रविवारी या म्हणून. ते आले नाहीत. त्यांचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना सुट्टी नव्हती, त्यांनी दुसरीकडे बघितलं असेल. वडील खरंच दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एस.टी.च्या भाड्याचे पैसे लेकीच्या पर्समध्ये ठेवले आणि ‘थंडी असती सकाळी, गळ्याला गुंडाळून जा’ म्हणाले.

आम्ही तिघी गेलो. पहाटेच्या गाडीने. ती आत गेली आणि आई बाहेरच्या बाकावर पदर घट्ट धरून बसली. जाड दरवाजातून काहीच ऐकू येत नव्हतं. अर्ध्या तासाने ती बाहेर आली. ‘आई, तिथं कुणीच नव्हतं गं समोर. नुसती काच. मी यमन गायले, मग त्यांनी दुसरा राग सांगितला, भीमपलास. सम एकदा चुकली.’ आईने फक्त विचारलं, ‘पाणी पिलीस का?’

निकाल आला. ती निवडली गेली नाही.

हा लेख तिच्या यशाने संपला असता तर मलाही बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. पत्र वाचून मलाच रडू आलं, तिची आईच मला म्हणाली, ‘मॅडम, आवो तुळजापूरला तरी पहिल्या खेपेला गर्दीत दर्शन होतंय का? पुन्हा जायचं.’ काही काळाने पुन्हा अर्ज करता येतो. तोवर रोज पहाटे पाचला तिच्या पत्र्याच्या घरातून मंद्र सप्तकातले सूर ऐकू येतात, असं शेजारीपाजारी सांगतात. काही कौतुकाने सांगतात, काही तक्रारीने.

तुमच्या घरातल्या गळ्यासाठी

हे वाचून कुणाला वाटलं असेल, आपल्याही लेकीला, भाचीला किंवा स्वतःला पाठवावं, तर थोडंसं अनुभवाचं सांगते. आपल्या धाराशिवला आकाशवाणीचं स्वतःचं एफ.एम. केंद्र आहे. ऑडिशन कधी आणि कुठल्या केंद्रावर होणार, अर्ज कसा करायचा, याची चौकशी तिथूनच सुरू करावी. रियाज पेटीवर न करता तानपुऱ्यावर करावा, कारण पेटीचा आधार सुटला की बऱ्याच मुली घाबरतात. चार-पाच राग वरवर यायच्या ऐवजी पक्के यावेत. परीक्षक यादीतला कुठलाही सांगू शकतात. बंद खोलीत, समोर कुणी नसताना गायची सवय करावी. दाद देणारं कुणी नसतं, तेव्हा आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. सोळा ते चोवीस वयाच्या मुलामुलींसाठी आकाशवाणीची संगीत स्पर्धाही असते, तिचीही माहिती विचारून ठेवावी. अमेरिकेत 2000 सालापासून शाळकरी वयाच्या वादक-गायकांचा ‘फ्रॉम द टॉप’ नावाचा रेडिओ कार्यक्रम गाजला. लेकरं आधी वाजवतात, मग आपल्या शाळेच्या, घरच्या गप्पा मारतात. आपल्या केंद्रांवरून असं काही नियमाने ऐकू आलं तर किती बहार येईल!

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आधी तिला विचारा. ती समोर बसलेली असते, पोळ्या लाटत असते, अभ्यास करत असते. विचारायला पैसे पडत नाहीत.

परवा ती दोघी मायलेकी घरी आल्या होत्या. मुलगी म्हणाली, ‘मॅडम, तुमचं ते पत्र दाखवा ना.’ मी कपाटातून काढलं. घड्यांवर विरलेलं, माहेरच्या नावाचं. तिने ते दोन्ही हातांनी धरून वाचलं. तिच्या आईने बोट ठेवून विचारलं, ‘हे तुमचंच नाव?’

‘हो,’ मी म्हटलं, ‘माझंच.’

शनिवार होता. स्वयंपाक आवरून आम्ही तिघींनी रेडिओ लावला. कुणीतरी तरुण मुलगी बागेश्री गात होती. निवेदिकेने सांगितलेलं नाव आमच्यातल्या कुणालाच नीट ऐकू आलं नाही. पण आवाज स्वच्छ होता.